मनाचे प्रश्न : अपघाताला चार महिने झाले, तरी झोप नाही

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी महामार्गावर माझ्या यजमानांच्या मोटारसायकलला ट्रकची धडक बसली. मागे बसलेला त्यांचा मित्र जागीच गेला. यांचा पाय बरा झाला, पण रात्री ओरडत उठतात, हॉर्न वाजला की दचकतात, महामार्गाने जातच नाहीत. झोपेसाठी रोज पितात. कोणी म्हणतं देवळात गाऱ्हाणं घाला, कोणी म्हणतं त्यांना बोलतं करा. काय करू?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : ताई, ही कुणाची नजर नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. तुम्ही लिहिलेली लक्षणं आघातोत्तर ताणविकाराशी, म्हणजे पीटीएसडीशी, जुळतात. अपघातानंतर काही आठवडे अशी तगमग बहुतेकांना होते आणि ओसरते. महिना उलटूनही ती टिकली, कामधंद्याच्या आड आली, की मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. गाऱ्हाणं जरूर घाला, पण त्यासाठी उपचार थांबवू नका.

महामार्ग टाळला की त्यांना लगेच हायसं वाटतं, आणि आजार मुरतो तो इथेच. धडक होऊन गेली, आता धोका नाही, हे मनाला उमगायची संधीच मिळत नाही. मग आधी महामार्ग सुटतो, मग मोटारसायकल, मग घराबाहेर पडणंच. म्हणून उपचारात आठवणीकडे परत जावं लागतं, पण तज्ज्ञांच्या सोबतीने आणि बेताबेताने. आघातावर केंद्रित वर्तनोपचार किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणीवर करायचा उपचार) या पद्धतींचा चांगला उपयोग होतो. साधारण ८ ते १५ बैठका लागतात. भीतीला ० ते १० गुण देऊन पायऱ्या ठरवतात : अंगणात उभ्या गाडीवर बसणं, गावातला आतला रस्ता, मग रविवारी सकाळचा मोकळा महामार्ग. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं. ती शिगेला असताना माघार घेतली, तर पळालो म्हणून वाचलो, हीच समजूत पक्की होते. ‘जरा आधी ब्रेक दाबला असता तर’ हा सल असेल, तर तोही तिथेच मांडू द्या. घरी मात्र खोदून खोदून विचारू नका. जबरदस्तीने बोलतं केल्याने त्रास वाढू शकतो.

रात्री ओरडून उठले, तर अंगाला धरून हलवू नका. आधी दिवा लावा, जरा लांबून नावाने हाक मारा, आज कोणता वार, आपण कुठल्या खोलीत आहोत ते सांगा. पाय जमिनीवर टेकवायला लावा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. हाच सराव दिवसा शांत असताना दोनदा करून घ्या, नाहीतर ऐन वेळी जमत नाही.

दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. तरीही रोज बरीच पिणाऱ्याने ती एकदम सोडू नये : हात थरथरणं, भास, झटके असा धोका असतो. किती पितात ते डॉक्टरांना खरं सांगा. डॉक्टर यावर सर्ट्रालिनसारखं नैराश्य-चिंतेवरचं औषध देऊ शकतात; त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्याची चटक लागत नाही, पण मनाने बंद करू नये. अल्प्राझोलामसारख्या चिंता शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. त्यांची सवय लागते, आणि दारूसोबत त्या जिवावर बेतू शकतात.

बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत, म्हणजे आयपीएचबीत, दाखवता येईल. ‘जगून काय उपयोग’ असं बोलले, तर त्याच दिवशी घेऊन जा, त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे.

प्रश्न : घरात सिलिंडरने पेट घेतला होता. तेव्हापासून सहा वर्षांची भाची ‘आग लागली’ हाच खेळ खेळते. थांबवावं का?
– एक मामा, फोंडा

उत्तर : थांबवू नका. मुलं बोलण्याऐवजी खेळातून सांगतात. शेजारी बसा आणि खेळ बदलतो का ते पाहा : कोणी पाणी आणतं, बाहुली वाचते? महिन्यानंतरही तोच खेळ तसाच, हसू नाही, त्यात अंथरूण ओलं होणं किंवा आईला क्षणभर न सोडणं असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर जेवणाझोपेच्या वेळा चुकवू नका, आणि आग कशी विझली, ते तिला खरं खरं, सोप्या शब्दांत सांगा.