नोव्हेंबरच्या आधी

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. जॅकेट कोणतं घ्यायचं, युंगफ्राऊच्या डोंगरावर कधी जायचं, कुकर आणायचा की नाही. सगळ्याची उत्तरं देते, पण माझ्या क्रमानं. या यादीत फिरायला येणारी मुलगी दिसते. तुला इथे स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला शिकायला वर्षभर राहायचं आहे, आणि राहणाऱ्याचे प्रश्न पहिल्या पंधरवड्यातच अंगावर येतात.

सगळ्यात आधी पत्रपेटी. खोलीची चावी हातात पडली की त्याच दिवशी खाली दाराशी असलेल्या पेटीवर तुझं नाव लाव. छापील पट्टी यायला वेळ लागत असेल तर कागदावर ठळक लिहून चिकटव. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन फक्त नाव बघतो आणि नाव नसेल तर पत्र परत पाठवतो. आणि इथे अजूनही सगळं पत्रानं येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाकिटात, परमिटबद्दलचा कागद, विम्याचं बिल. तिकडे भाजीवाल्यालाही फोनवरून पैसे देणाऱ्या मुलीला हे खरं वाटणार नाही, पण लाव बाई नाव.

मग नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद करायची, आल्यापासून 14 दिवसांच्या आत. पासपोर्ट, व्हिसा, भाड्याचा करार, प्रवेशाचं पत्र, फोटो हे सगळं एका फाइलमध्ये घेऊन जा. दुपारी बारानंतर जाऊ नकोस, बहुतेक कचेऱ्या जेवायला बंद असतात. आरोग्यविम्याला तीन महिन्यांची मुदत असते म्हणून मुलं निवांत बसतात. हप्ता मात्र पहिल्या दिवसापासूनचा भरावा लागतो, त्यामुळे उशीर करून एक फ्रँकही वाचत नाही. औषधोपचाराचा वर्षाला पहिला किती खर्च आपल्या खिशातून भरायचा ते आपणच निवडतो, 300 ते 2500 फ्रँक. 2500 घे, हप्ता कमी बसतो, असं तुला सगळे सांगतील. तेवढे पैसे खात्यात बाजूला पडून असतील तरच ऐक. परदेशी विद्यार्थ्यांना काही अटींवर या विम्यातून सूट मिळते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात विचार.

घर खाजगी मालकाचं मिळालं तर डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याएवढं, आणि तेही बँकेत तुझ्याच नावावर अडकवून ठेवायचं असतं. रोख हातात मागणाऱ्याला सरळ नाही म्हण. चावी देताना मालकाचा माणूस कागद घेऊन खोलीभर फिरतो आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा टिपतो. तूही त्याच्या मागे फिर आणि फोटो काढ. निघताना तोच कागद घेऊन तो पुन्हा येणार आहे. तेव्हा तो बघतो नळावर बसलेला चुन्याचा पांढरा थर, ओव्हनच्या दाराची आतली काच, आणि आपल्या बाबतीत हळद. ओट्यावरची हळद पुसली जाते. ओटा आणि भिंत यांच्या सांध्यात सिलिकॉनची पांढरी पट्टी असते, तिच्यात शिरलेली हळद मात्र कशानंच निघत नाही. कांदेपोह्यांची फोडणी कर, रोज कर, पण कढई त्या सांध्यापासून लांब आणि खिडकी उघडी. कुकर आण, शेगडी इंडक्शनची निघाली तर अॅल्युमिनियमचा चालणार नाही, म्हणून स्टीलचा, इंडक्शनला चालणारा. रात्री दहानंतर शिट्टी नको. दहा ते सात शांतता म्हणजे इथे खरोखर शांतता.

कचऱ्याचं थोडक्यात: आपल्या व्हो प्रांतात कचरा ठरावीक पांढऱ्या पिशव्यांतूनच टाकायचा. पिशवीच्या किमतीत कर धरलेला असतो, त्यामुळे 35 लिटरची एक पिशवी साधारण दोन फ्रँकला पडते. कागद, काच, सालंटरफलं वेगळी काढलीस तर एक पिशवी पंधरवडा पुरते. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला जाऊ नकोस, आवाज होतो. धुण्याचं मशीन तळघरात सामाईक असतं आणि त्याचे वार ठरलेले असतात. दुसऱ्याच्या वारी धुवायला बसलीस तर वर्षभर जिन्यात कोणी बोलणार नाही.

आता जे सांगायला मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते. सप्टेंबरमध्ये येशील तेव्हा लेमान तळं निळंशार असेल, पलीकडे फ्रान्सचे डोंगर, लावोच्या उतारावर द्राक्षं पिकलेली. वेडी होशील. दर शनिवार-रविवार कुठल्यातरी शिखरावर, सोबत तुझ्याच लॅबमधली भारतीय, इराणी, चिनी मुलं, सगळं इंग्रजीत. मजा येते. मग नोव्हेंबर येतो. जुरा आणि आल्प्स या दोन रांगांमध्ये थंड, जड हवा साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खाली करड्या ढगाचा थर धरतो. कधीकधी आठवडाभर हलत नाही. तळं दिसत नाही, डोंगर दिसत नाहीत, डिसेंबरात पाचच्या आधी अंधार. त्यात ‘बीझ’ नावाचा ईशान्येचा वारा. 2012 च्या फेब्रुवारीत या वाऱ्यानं जिनिव्हाजवळ व्हेर्स्वाला तळ्याचं पाणी उडवून काठावरच्या गाड्या बर्फात गाडल्या होत्या. अशा वेळी ज्यांची सगळी ओळख देखाव्याशीच असते, ती मुलं खोलीत बसून पुण्याला फोन लावतात. हिवाळ्यात आपण साडेचार तास मागे असतो, म्हणजे तू जेवून फोन लावशील तेव्हा आई झोपेतून उठून बोलणार. दोघींचे हाल.

म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत आठवड्यातली एक संध्याकाळ फ्रेंच बोलणाऱ्या, विद्यापीठाबाहेरच्या माणसांसाठी बांधून टाक. फ्रेंचचा क्लास यात मी धरत नाही. तिथेही सगळे आपल्यासारखेच परके. इथे प्रत्येक गावात मंडळं असतात: कोरस, व्यायामशाळा, पत्ते, बुद्धिबळ. कोरस उत्तम, कारण गाताना व्याकरण आपसूक बरोबर येतं आणि ख्रिसमसच्या कार्यक्रमासाठी हिवाळाभर तालमी असतात. तुला पोहता येतं, म्हणून आणखी एक सुचवते. तळ्याकाठच्या गावांत बुडणाऱ्यांना वाचवणारी स्वयंसेवकांची पथकं आहेत. त्यांची संघटना 1885 पासूनची, स्विस आणि फ्रेंच दोन्ही काठांची मिळून. पूर्वी ही माणसं वादळात वल्ही मारत जायची. आता मोटरबोटी आहेत, पण मोठ्या वल्ह्यांच्या नावा त्यांनी सोडलेल्या नाहीत आणि उन्हाळ्यात गावोगावी त्यांच्या शर्यती लागतात. वल्हवायला माणसं त्यांना नेहमीच हवी असतात. एका बाकावर बसून, समोरच्याच्या पाठीकडे बघत लय धरायची असते, त्याला फार फ्रेंच लागत नाही. नंतर बाटली उघडली की लागतं, आणि तिथेच ते येतं. शरदातच जाऊन ओळख करून ठेव.

सुरुवातीला तुझं फ्रेंच ऐकून समोरचा इंग्रजीवर येईल. तू फ्रेंचच बोल. दुकानात, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे बाकावर बसताना आधी ‘बोंझूर’. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला की माणसं थंड होतात, मग आपण म्हणतो स्विस लोक तुसडे. कोणी ‘आपेरो’ला बोलावलं तर ठरल्या वेळेला जा आणि आधी थोडं खाऊन जा. सहाला बोलावतात, वाइनबरोबर खारे दाणे, चीज, ऑलिव्ह असतं, आठच्या सुमारास उठायचं असतं. ते जेवण नव्हे. वाइन नको असेल तर नको म्हण, कोणी आग्रह करत नाही. आग्रहाची सवय असलेल्या आपल्या माणसांना याचंच वाईट वाटतं!

तळ्यात पोहशीलच. काठावर नारिंगी दिवे दिसतील. मिनिटाला 40 वेळा लुकलुकले तर जोराचा वारा येण्याची शक्यता. 90 वेळा लुकलुकले तर वादळ, तेव्हा पाण्याबाहेर यायचं. ऊन लख्ख असलं तरीही. हे तळं 300 मीटरहून खोल आहे आणि वारा डोंगरावरून एकदम उतरतो. रुग्णवाहिकेचा नंबर 144, फोनमध्ये आत्ताच टाकून ठेव.

फिरणं बंद कर असं म्हणत नाही गं. अर्ध्या तिकिटाचं वार्षिक कार्ड आल्याआल्या काढ. आगगाडीबरोबर तळ्यातल्या बोटींनाही चालतं, त्यांतल्या काही शंभर वर्षांच्या चाकाच्या बोटी आहेत. सप्टेंबरच्या शेवटी सें-साफोरांहून ल्युत्रीपर्यंत लावोच्या द्राक्षमळ्यांतून चाल. उतारावरच्या मळ्यांच्या या पायऱ्या बाराव्या शतकात मठातल्या साधूंनी रचायला घेतल्या, 2007 मध्ये त्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. द्राक्षाला हात लावू नकोस. ढगांच्या दिवसांत व्हव्हेहून ले प्लेयादला जाणारी छोटी गाडी पकड. 1360 मीटरवर बहुधा ऊन असतं आणि खाली ढगांचा समुद्र. युंगफ्राऊ महाग आहे, आई-बाबा येतील तेव्हा जा. आणि एकदा शियोंच्या किल्ल्यापासून काठाकाठानं व्हिलनव्हपर्यंत चालत जा. डिसेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी तिथे फ्रेंच लेखक रोमां रोलांकडे उतरले होते. कमला नेहरूंचं निधनही 1936 मध्ये लोझानलाच झालं. आपली माणसं इथे आधीही आली आहेत, आणि सगळी हवापालटासाठी नव्हे.

जॅकेट इथेच घे, जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगलं मिळतं. तूरडाळ, कढीपत्ता, तांदूळ श्रीलंकेच्या तमिळ लोकांच्या दुकानात मिळतात; गोडा मसाला मिळत नाही, तो आण. तूप आणि पेढे आणू नकोस, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. लोणी इथलं चांगलं असतं, तूप माझ्याकडे कढवू. विमानाची वेळ कळव. रविवारी येणार असलीस तर मी दूध-ब्रेड घेऊन ठेवते, त्या दिवशी स्टेशनातली सोडून दुकानं बंद असतात.

बाकी भेटीअंती.
तुझी,
ताई