हेडफोनमधली गिटार तालमीत गेली की

प्रश्न : ताई, इतकी वर्षं ट्यूब अ‍ॅम्प वापरला, आता अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारा डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर घेतलाय. हेडफोनवर इतका सुंदर वाजतो की रात्री गिटार खाली ठेववत नाही. पण बँडच्या तालमीत तोच प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) मित्राच्या पॉवर्ड, म्हणजे आतच अ‍ॅम्प असलेल्या, स्पीकरमधून वाजवला, तर वरचा आवाज चिरका, खालचा नुसता घुमणारा, आणि ड्रम सुरू झाले की गिटार गायब. सगळे म्हणतात, २००० वॉटचा १२ इंची फुल-रेंज स्पीकर घेऊन टाक. घेऊ का? आणि घेताना काय बघू?

उत्तर : घ्या, पण लगेच नको. चिरकेपणा, घुमणं आणि गायब होणं, ही तिन्ही दुखणी मी स्वतः काढली आहेत. स्पीकर बदलून त्यातलं एकही गेलं नव्हतं.

आधी हे बघा की गिटारचा नेहमीचा स्पीकर ही मुळात एक गाळणी असते. उदाहरणार्थ सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३०. त्याची रेंज साधारण ७० ते ५००० हर्ट्झ. डिस्टॉर्शनमधली, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजातली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खरखर बरीचशी त्याच्या वर असते, आणि तो ती बाहेर येऊच देत नाही. फुल-रेंज स्पीकर याच्या उलट. तो २० हजार हर्ट्झच्या आसपासपर्यंत जे येईल ते सगळं वाजवतो. गाळण्याचं काम आता मॉडेलरमधल्या कॅबने, म्हणजे आयआरने (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा डिजिटल ठसा) करायचं. आणि आयआर म्हणजे नुसतं कॅबिनेट नव्हे, त्याच्या जाळीला टेकवलेला माइकही त्यात आला. तुमचा कान खोलीत आठ फुटांवर ठेवलेल्या अ‍ॅम्पला सरावलेला, आणि स्पीकर ऐकवतोय रेकॉर्डवर जातो तो आवाज. हा फरक कुठलाही स्पीकर पुसत नाही. तो आवडून घ्यावा लागतो. मला चार-पाच महिने लागले, पण आता तोच आवाज हवासा वाटतो.

दुसरी गोष्ट कानाची. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्याला खालचे आणि अगदी वरचे स्वर मधल्यांपेक्षा कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हेडफोनवर आपण नकळत बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली ओढतो. तोच प्रीसेट तालमीच्या आवाजात वाजला की वाढवलेलं सगळं अंगावर येतं, आणि गिटारचा जीव ज्या मिडमध्ये असतो तो आपण आधीच काढून टाकलेला असतो. तुमच्या पत्रात नेमकं हेच झालेलं दिसतंय. तेव्हा प्रीसेट तालमीच्या आवाजातच बनवा, जमल्यास ड्रम वाजत असताना. लो कट, म्हणजे खालचे स्वर छाटणारी गाळणी, १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा. खालच्या ई तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झ आहे हे खरं, पण ती जागा बँडमध्ये बास गिटारची. हाय कट, म्हणजे वरचे स्वर छाटणारी, ७००० हर्ट्झपासून सुरू करून हळूहळू खाली आणा. मिड जरा जास्तच वाटेल इतका ठेवा. एकट्याने वाजवताना तो नाकात बोलल्यासारखा वाटतो, बँडमध्ये बरोबर बसतो.

घुमण्याबद्दल माझाच किस्सा. मॉडेलर घेऊन केलेल्या पहिल्या कार्यक्रमात मी स्पीकर जमिनीवर, भिंतीला टेकवून, कोपऱ्यात ठेवला होता. पाम म्यूट केलं, म्हणजे तळहाताच्या कडेने तारा दाबून वाजवलं, की आवाज पिंपात वाजल्यासारखा. मध्यंतरात साउंड बघणाऱ्या दादांनी न बोलता स्पीकर उचलून एका रिकाम्या खोक्यावर ठेवला आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढला. एकही बटण न फिरवता चिखल निघून गेला. जमीन आणि भिंती बास वाढवतात, कोपरा तर सगळ्यात जास्त. त्याच दिवशी ड्रमरने मागून सांगितलं, तुझी गिटार माझ्या कानात सुईसारखी घुसतेय. स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा हॉर्न सरळ त्याच्या डोक्याकडे तोंड करून होता आणि मी स्पीकरच्या इतकी जवळ उभी होते की मला गुडघ्याशी वाजणारा, खालचे स्वर देणारा वूफरच तेवढा ऐकू येत होता. आम्ही दोघं दोन वेगळ्या गिटारी ऐकत होतो.

मित्राच्या स्पीकरच्या मागची बाजूही एकदा बघाच. बास वाढवणारा मोड किंवा ईक्यू (बास-ट्रेबल कमी-जास्त करणारी सोय) चालू असेल तर तो फ्लॅट करा, आणि इनपुट माइकवर नव्हे, लाइनवर ठेवा.

हे सगळं करूनही स्पीकर अपुरा वाटला, तर खरेदी. वॉटच्या आकड्याला भुलू नका. २००० हा बहुतेक वेळा क्षणभराचा, पीकचा आकडा असतो. सलग मिळणारी ताकद त्याहून बरीच कमी. शिवाय ताकद दुप्पट केली तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते.

माझं लक्ष असतं हॉर्नवर. अशा स्पीकरमध्ये साधारण २००० हर्ट्झच्या आसपास आवाज वूफरकडून हॉर्नकडे जातो, आणि पिकचा टणत्कार नेमका त्याच भागात असतो. तिथला सांधा वाईट असेल तर गिटार कायम दोन तुकड्यांत ऐकू येते, विशेषतः तुम्ही जवळ उभे असाल तर. लहान स्टेजवर वाजवणाऱ्यांना म्हणून मी कोअ‍ॅक्शियल रचना आधी ऐकायला सांगते, ज्यात हॉर्न वूफरच्या मधोमध असतो. लाइन ६चा पॉवरकॅब तसा आहे. केम्परच्या कॅबिनेटमध्ये तर हॉर्नच नाही, सेलेस्टियनबरोबर बनवलेला एकच १२ इंची स्पीकर आहे. फेंडरच्या एफआर-१२ वर बास, मिड, ट्रेबलची बटणं हाताशी आहेत. ज्यांना मेनूत शिरायचा कंटाळा, त्यांना ती फार उपयोगी.

ऐकायला जाताना आपलीच गिटार, आपलाच मॉडेलर न्या. आधी तोंडपाठ असलेलं एखादं गाणं लावा. गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर गिटारही तशीच येणार. मग बी तारेवर बाराव्या पट्टीचा स्वर पुन्हा पुन्हा वाजवत स्पीकरसमोरून डावीकडून उजवीकडे चाला. दोन पावलांत आवाज झाकोळत असेल तर स्टेजवर तुम्ही एकाच जागी खिळून राहाल. शेवटी खाली बसा आणि कुणाला तरी कॉर्ड वाजवायला सांगून हॉर्नसमोर तळहात आडवा धरा, काढा, पुन्हा धरा. हात धरल्यावरच आवाज जास्त आवडत असेल, तर तो स्पीकर सोडा.

प्रश्न : माझ्याकडे जुनं गिटार कॅबिनेट पडून आहे. मॉडेलरला तेच लावलं तर?

उत्तर : चालेल. मध्ये पॉवर अ‍ॅम्प लागेल, आणि कॅबिनेटकडे जाणाऱ्या आउटपुटवरचं आयआर बंद करा. नाहीतर आवाज दोनदा गाळला जाऊन गोधडीखालून आल्यासारखा येतो. मिक्सरकडे जाणाऱ्या आउटपुटवर मात्र ते चालू ठेवा. एक काळजी घ्या : ट्यूब अ‍ॅम्पचं स्पीकर आउटपुट पॉवर्ड स्पीकरच्या इनपुटला कधीही जोडू नका. स्पीकरचं इनपुट जळेलच, आणि योग्य लोड, म्हणजे खरा स्पीकर, न मिळाल्याने अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.