सोलर लावलं, पण युनिट कमी पडतात : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

घरच्या सोलरबद्दल कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही खाली घेतली आहेत. उत्तरं वाचण्याआधी आपल्या सिस्टीमचं माप काढून ठेवा. दिवसभरात पडलेल्या युनिटला पॅनेलच्या किलोवॅटने भागा. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे चांगल्या उन्हात किलोवॅटमागे साडेचार ते पाच युनिट पडतात आणि ऑक्टोबर ते जानेवारी चारच्या आसपास. जुलै-ऑगस्टच्या झडीत दोन-अडीच पडले तरी ठीक, एखाद्या दिवशी एकही पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे इन्व्हर्टरच्या ॲपमधला दिवसाचा आलेख. एकूण युनिट कमी आहेत एवढ्यावरून फारसं काही कळत नाही. किती वाजता कमी पडले यावरून बहुतेक दोष घरबसल्या ओळखता येतात.

३ किलोवॅटचं सोलर आहे, सहा पॅनेल. मे महिन्यात १४ युनिट पडायचे. आता डिसेंबरात कडक ऊन असूनही ९ च्या वर जात नाही. पॅनेल धुऊनही फरक नाही. (फुलेवाडी)

डिसेंबरात तुमचे १२ पडायला हवेत, म्हणजे तीन युनिट कुठेतरी जातात. निरभ्र दिवसाचा आलेख घुमटासारखा दिसायला हवा. तुमचा आलेख सकाळी दहा-साडेदहापर्यंत तळाशी रेंगाळून मग एकदम उडी मारत असेल, तर सावली आहे. अशीच घसरण दुपारी तीननंतर असेल तर सावली पश्चिमेची.

मे महिन्यात ही सावली नव्हती, कारण तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावर असतो. कोल्हापुरात मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सावली अगदी पायाखाली येते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र भर दुपारीही सूर्य ५० अंशांवरच असतो आणि सकाळी नऊला जेमतेम २५ अंशांवर. पॅनेलच्या पातळीपेक्षा दोन मीटर उंच असलेल्या टाकीची सावली दुपारी पावणेदोन मीटर पडते, सकाळी नऊला चार मीटरच्या पुढे जाते, तीही वायव्येकडे. त्यामुळे पॅनेलच्या आग्नेयेला काय आहे ते बघा: पाण्याची टाकी, जिन्याची खोली, किंवा शेजाऱ्यांनी यंदा चढवलेला मजला.

थोड्याशा सावलीने एवढं नुकसान का होतं, हा पुढचा प्रश्न येणारच. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि प्रत्येकात तीन बायपास डायोड. सावलीतला भाग करंट अडवतो, म्हणून डायोड तो भाग वळसा घालून बाजूला टाकतो. टाकीची हातभर सावली तीन पॅनेलच्या एकेका भागावर पडली तरी ते तीनही भाग गेले.

१५ डिसेंबर ते ५ जानेवारीच्या दरम्यान एका दिवशी ९, १०, १२ आणि ३ वाजता सावलीची कड खडूने आखून घ्या. वर्षातली सगळ्यात लांब सावली हीच. टाकी प्लॅस्टिकची असेल तर ती पॅनेलच्या उत्तरेला हलवणं सर्वांत स्वस्त. स्टँड दोन-तीन फूट उंच करता येतो, पण मग वारा जास्त लागतो. पायाचे काँक्रीट ब्लॉक आणि अँकर बोल्ट तपासल्याशिवाय नुसते पाइप वाढवून देणाऱ्याला गच्चीवर चढू देऊ नका. इन्व्हर्टरमध्ये सावलीसाठी एमपीपीटी स्कॅनचं (सावलीतही जास्तीत जास्त वीज कुठे मिळते ते शोधण्याचं) सेटिंग असेल तर ते चालू करून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते बंदच असतं. पॅनेलमागे ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेल स्वतंत्रपणे चालवणारं छोटं यंत्र) बसवणं हा शेवटचा आणि महागाचा उपाय.

साखर कारखाना घरापासून दोन किलोमीटरवर आहे. गळीत सुरू झालं की गच्चीवर काळी राख पडते. दर पंधरा दिवसांनी पाइपने पाणी मारतो, तरी युनिट पूर्वीसारखे होत नाहीत. (कागल तालुका)

चिपाडाची राख हलकी असते, शिवाय शिवारात पाचट पेटवलं की तिची भर पडते. थंडीत पहाटे दव पडतं, राख काचेला चिकटते आणि उन्हाने वाळून पापुद्रा धरते. नुसत्या पाइपच्या पाण्याने ती निघत नाही, खालच्या कडेला जाऊन साचते. तिथे फ्रेमचा काठ काचेपेक्षा किंचित वर असतो. स्टँडचा उतार दहा अंशांपेक्षा कमी असेल तर पाणी तिथेच तुंबतं आणि वाळल्यावर काळपट पट्टा उरतो.

हा पट्टा बघा. आजकालच्या हाफ-कट, म्हणजे अर्ध्या कापलेल्या सेलच्या, पॅनेलमध्ये सेलची उंची साधारण ९ सेंटीमीटर असते. त्यावर एक इंच पट्टा बसला की खालच्या ओळीचा पाव भागाहून जास्त भाग झाकला गेला. ओळ एकापुढे एक जोडलेली असल्याने उघड्या राहिलेल्या भागापुरताच करंट पॅनेलच्या त्या अर्ध्या भागातून जातो. वरून काच लख्ख दिसते आणि युनिट पडत नाहीत, ते यामुळे.

सकाळी सातच्या आत, काच गार असताना, आधी पाणी शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या. मग लांब दांड्याच्या मऊ मॉपने किंवा स्पंजने वरून खाली पुसा, खालची कड ओल्या फडक्याने वेगळी पुसा, शेवटी पाणी सोडून रबरी वायपर फिरवा. पॅनेलमागे दीड-दोन लिटर पाणी पुरतं. कपड्यांची पावडर, तारेची घासणी, गाडी धुण्याचा प्रेशर पंप यातलं काही नको. पॅनेलवर पाय तर ठेवूच नका. वरून काही दिसत नाही, पण आतल्या सेलला तडे जातात. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारणंही धोक्याचं. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग बसतात, त्यापेक्षा नळाचं वापरा. आरओचं वाया जाणारं पाणी बरेच जण काटकसर म्हणून यासाठी साठवतात, पण त्यात क्षार जास्तच असतात.

गळीत हंगामात दर आठवड्याला, इतर वेळी महिन्याला एकदा पुसलं तर पुरे. खालच्या कडेवर बसवायच्या छोट्या प्लॅस्टिकच्या निचरा क्लिप मिळतात. पाणी त्यांच्यावरून ओघळून जातं. कमी उताराच्या स्टँडला त्या जरूर लावा.

ॲपमध्ये महिन्याचे ३६० युनिट दिसतात आणि बिलात एक्सपोर्ट फक्त २१०. दीडशे युनिट गेले कुठे? मीटर खराब आहे का? (राजारामपुरी)

मीटर ठीक आहे. ते दीडशे युनिट दिवसा तुमच्याच घरात वापरले गेले. फ्रीज, मोटर, वॉशिंग मशीन यांना सोलरची वीज आधी मिळते, उरलेलीच नेट मीटरमधून बाहेर जाते. घरचा खरा वापर काढायचा तर सोलरच्या युनिटमधून एक्सपोर्ट (बाहेर गेलेले युनिट) वजा करा आणि इम्पोर्ट (लाइनवरून घेतलेले युनिट) मिळवा. इम्पोर्ट १९० असेल तर तुमचा वापर ३४० युनिट. हा आकडा सोलर बसवण्याआधीच्या बिलांशी ताडून बघा. सोलर आल्यावर घरात एसी किंवा इंडक्शन शेगडी आली असेल, तर बिल न उतरण्याचं कारण गच्चीवर शोधू नका. स्थिर आकार तर वापर शून्य असला तरी लागतोच.

५ किलोवॅट, सिंगल फेज. सकाळी छान चालतं, पण अकरा ते तीन इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो आणि ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवतो. (उचगाव)

पॅनेल आणि इन्व्हर्टर दोन्ही निर्दोष असूनही ऐन उन्हाचे तास वाया घालवणारा हा दोष आहे. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलण्यासाठी लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज करावं लागतं. २३० च्या ११० टक्के, म्हणजे २५३ व्होल्टच्या आसपास मर्यादा ठेवलेली असते. ती ओलांडली की तो नियमानुसार लाइनपासून सुटतो, थोडा वेळ थांबतो, पुन्हा जोडतो आणि पुन्हा सुटतो.

पूर्ण उन्हात, इन्व्हर्टर चालू असताना, वायरमनकडून एकाच वेळी दोन ठिकाणी व्होल्टेज मोजून घ्या: इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर आणि मीटरपाशी. फरक तीन-चार व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष तुमच्या केबलचा. ५ किलोवॅटला जवळपास २२ ॲम्पिअर करंट वाहतो. गच्चीपासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर आणि तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर सहा व्होल्ट वायरमध्येच चढतात. तीच वायर १० चौरस मिलिमीटरची केली की अडीचच्या आत येतात. ठेकेदारांची काटकसर नेमकी याच वायरीत होते, कारण गिऱ्हाईक पॅनेलचा ब्रँड विचारतो, वायरची जाडी कोणी विचारत नाही. एसीडीबीतले (इन्व्हर्टरनंतरच्या एसी जोडण्यांच्या डब्यातले) आणि मेन स्विचमधले स्क्रूही आवळून घ्या. करपलेलं टर्मिनल दिसलं तर ते बदलायचंच.

मीटरपाशीच २५० च्या वर दिसत असेल तर तो महावितरणचा प्रश्न आहे. १९१२ वर तक्रार नोंदवा, वेळ आणि व्होल्टेज लिहिलेले मीटरचे फोटो जोडून शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) तपासायला सांगा. मिक्सर लावला की घरातले काही दिवे एकदम प्रखर होतात असं असेल, तर न्यूट्रल सैल असण्याची शक्यता आहे. तिथे थांबू नका, त्याच दिवशी माणूस बोलवा.

‘सेटिंग वाढवून देतो, बंद पडणार नाही’ असं सांगणारे भेटतील. तसं केलं तर इन्व्हर्टर चालेलही, पण तेच २६० व्होल्ट फ्रीज-टीव्हीला जातील.

पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर ‘आयसोलेशन फॉल्ट’ दाखवून बंद राहतो आणि दहा-अकराला आपोआप सुरू होतो. दुरुस्तीवाला येईपर्यंत सगळं ठीक असतं. (राधानगरी)

कुठेतरी डीसी वायर ओलीतून जमिनीशी जुळते आणि ऊन लागून वाळली की तो संबंध तुटतो. आधी नजरेने शोधा. स्लॅबवर पाण्यात लोळणारे एमसी-४ (पॅनेलच्या वायरी जोडणारे) कनेक्टर, उंदराने किंवा खारीने कुरतडलेली वायर, पत्र्याच्या धारेवर घासलेलं इन्सुलेशन, वरून वायर घातल्यामुळे पाणी शिरलेला आयसोलेटर (डीसी वीज तोडणारा स्विच). दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत बसवले असतील तर संशय आधी तिथेच घ्या. ते बसल्यासारखे वाटतात, पण सील धरत नाहीत.

नजरेला काही सापडलं नाही तर दुरुस्तीवाल्याला सकाळी आठलाच बोलवा. हे काम ज्याच्याकडे १००० व्होल्ट डीसीचा मीटर आहे त्यानेच करायचं, घरच्यांनी नाही. आधी इन्व्हर्टर आणि डीसी आयसोलेटर बंद करून स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलची माळ) सुटी करायची. मग धन टोक ते अर्थ (अर्थिंग) आणि ऋण टोक ते अर्थ व्होल्टेज मोजायचं. निरोगी स्ट्रिंगमध्ये हे आकडे हळूहळू शून्याकडे जातात. ते स्थिर राहिले तर त्यांच्या प्रमाणातून जागा कळते. दहा पॅनेलची स्ट्रिंग ४९० व्होल्ट देत असेल आणि ऋण ते अर्थ १४७, धन ते अर्थ ३४३ आले, तर दोष ऋण टोकाकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलच्या मधल्या जोडात आहे. करंट वाहत असताना एमसी-४ कधीही ओढून काढू नये. डीसीची ठिणगी एसीसारखी लगेच विझत नाही, हात भाजतो.

वळवाच्या पावसात जवळच वीज पडली. सोलर चालू आहे, पण १३ ऐवजी साडेअकराच युनिट पडतात. सहा पॅनेल, ५४० वॅटचे. (गडहिंग्लज)

ॲपमध्ये दुपारचं पीव्ही (पॅनेलकडून येणारं) व्होल्टेज बघा. उन्हाळ्यात तापलेल्या सहा पॅनेलचं ते २२० च्या आसपास असतं. करंट पूर्वीइतकाच आणि व्होल्टेज १९५ वर आलं असेल, तर दोन बायपास डायोड शॉर्ट झाले असावेत, कारण एका डायोडमागे साधारण १२ व्होल्ट जातात. तंत्रज्ञाने स्ट्रिंग सुटी करून प्रत्येक पॅनेल वेगळा मोजला की चांगला ४५-४९ व्होल्ट देईल, बिघडलेला एक तृतीयांशाने कमी. जंक्शन बॉक्स सहसा आतून सील केलेला असतो, त्यामुळे डायोडऐवजी पॅनेलच बदलावा लागतो. विजेचं नुकसान वॉरंटीत बहुधा धरत नाहीत. घराचा विमा असेल तर त्यात सोलर नोंदलेलं आहे का ते बघा.

डीसीडीबीतल्या (पॅनेलच्या बाजूच्या डीसी डब्यातल्या) एसपीडीची, म्हणजे विजेचा झटका अडवणाऱ्या भागाची, खिडकीही तपासा. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली असेल तर त्याचं काम संपलं. पुढच्या वळवाआधी नवीन टाका. पॅनेल-स्टँडची, एसीची आणि आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाची अशी तीन वेगळी अर्थिंग हवीत, प्रत्येकाचा रोध ५ ओहमच्या आत.

३ किलोवॅटचा सोलर भर उन्हातही २.४ च्या वर का जात नाही? (शाहूपुरी)

जाणारही नाही. पॅनेलवरचे वॅट हे सेल २५ अंशांवर असतानाचे असतात. एप्रिलमध्ये सेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतो आणि प्रत्येक अंशाला सुमारे ०.३५ टक्के घटतो. १२ ते १४ टक्के इथेच गेले, थोडे धूळ आणि वायरीत. २.४ उत्तम आहे.

लाइट गेली की सोलरही बंद पडतं. (जयसिंगपूर)

ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, सोलर असंच असतं. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून शॉक बसेल. बॅटरी हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

ठेकेदार फोन उचलत नाही. पैसे पूर्ण दिलेत. (पाचगाव)

पीएम सूर्यघर योजनेतून बसवलं असेल तर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच आहे. फोनवर न बोलता लेखी कळवा: अर्ज क्रमांक, पंधरा दिवसांचे रोजचे युनिट, निरभ्र दिवसाचा आलेख, एररचा फोटो. उत्तर आलं नाही तर हीच कागदं योजनेच्या पोर्टलवर तक्रारीला जोडा. इन्व्हर्टरच्या वॉरंटीसाठी मध्यस्थ लागत नाही, सीरियल नंबर सांगून कंपनीच्या सेवा केंद्राशी थेट बोलता येतं. आणि ॲपचं खातं कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. बऱ्याच घरांत मुख्य लॉगिन ठेकेदाराकडे असतं आणि घरमालकाला नुसतं बघण्यापुरतं दिलेलं असतं. ते स्वतःच्या ईमेलवर घ्या, म्हणजे जुने आलेख तुमच्या हातात राहतील.