भूत नको, चाहताच पुरे

चाहत्याच्या वेडावर भयपट करतोयस, तर त्याला दशावताराचा, म्हणजे कोकणातल्या जत्रांत रंगणाऱ्या लोकनाट्याचा, रसिक कर. एकाच कलाकारामागे जत्रांतून फिरणारा, रंगपटात डोकावणारा, शेवटी त्याचाच मुकुट घालून आरशापुढे बसणारा. भुताचा खर्चच वाचला!

पैसे कॅमेऱ्यापेक्षा आवाजावर घाल. मालवण किनाऱ्यावर समुद्राची गाज प्रत्येक संवादात शिरते. म्हणून आतल्या गावातलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर बघ. माणसं गप्प करून तिथली शांतता मिनिटभर वेगळी टिपून ठेव, संकलनात तीच तारते.

जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) बघच. सुरुवातीची ३७ मिनिटं सलग एकच शॉट, आणि पुढे चित्रपट करणाऱ्यांची धडपड हीच गोष्ट. अप्रतिम! तालमी मात्र भरपूर घे.

जत्रा कार्तिकात सुरू होतात. दशावतारी नाट्यमंडळाची परवानगी आधीच काढ.