पित्तगळती : प्लास्टिकचा स्टेंट की मेटलचा?

प्रश्न : माझ्या भावाला त्याच्या मुलीने यकृताचा उजवा भाग दिला. नवव्या दिवशी ड्रेनमधून (पोटात साचलेला द्रव बाहेर काढणारी नळी) पित्त येऊ लागलं, म्हणून ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करायचा उपचार) करून प्लास्टिकचा स्टेंट (नलिकेत बसवायची छोटी नळी) टाकला. नातेवाईक म्हणतात, मेटलचा महाग असतो, म्हणजे तोच चांगला. आमचं चुकलं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही, ही रुखरुख मनातून काढून टाका. पित्तनलिका आतड्यात उघडते तिथे स्नायूचं कडं असतं. ते आवळलेलं असलं की नलिकेत दाब राहतो आणि पित्त दात्याची आणि रुग्णाची नलिका जिथे शिवली त्या जोडाच्या टाक्यांतून किंवा यकृताच्या कापलेल्या बाजूने पाझरतं. कड्यातून आरपार नळी बसली की दाब उतरतो, पित्त आतड्याकडे वळतं आणि छिद्राला भरून यायला उसंत मिळते. एवढ्या कामाला 7 ते 10 फ्रेंच जाडीची प्लास्टिकची नळी बहुधा पुरते (3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर).

मेटल स्टेंट उघडल्यावर 8 ते 10 मिलिमीटर रुंद होतो. तो धातूच्या जाळीचा असतो, आणि इथे जाळीवर पूर्ण आवरण असलेलाच वापरतात. उघड्या जाळीत पेशी वाढल्या की तो काढणं फार अवघड होतं. पण तुमच्या भावाच्या बाबतीत हे आवरणच अडचणीचं ठरू शकतं. उजव्या भागाच्या नलिका बारीक, अनेकदा एकाहून जास्त, आणि जोड यकृताच्या अगदी तोंडाशी. रुंद, झाकलेला स्टेंट एका नलिकेत शिरला की शेजारच्या फांदीचं तोंड बुजतं, तिथलं पित्त तुंबतं आणि थंडी वाजून ताप येतो. शिवाय तो घसरतो, आणि काढल्यानंतर नलिका आकसल्याचंही आढळलं आहे. मेंदूमृत दात्याचं पूर्ण यकृत असेल, जोड खाली मुख्य नलिकेत असेल आणि प्लास्टिक टाकूनही गळती थांबत नसेल, तर मात्र त्याचा विचार जरूर होतो.

प्लास्टिकचा दोष एकच, पण मोठा : आत जंतूंचा थर आणि गाळ साचून तो तुंबतो. म्हणून साधारण तीन महिन्यांच्या आत तो काढावा किंवा बदलावा लागतो. बरं वाटतंय म्हणून ही तारीख टाळू नका. डिस्चार्ज कार्डावर ती ठळक लिहून घ्या. काढताना डाय (एक्स-रेमध्ये दिसणारं औषध) सोडून नलिका तपासतात, कारण गळलेल्या जागीच पुढे अरुंदपणा येऊ शकतो.

घरी ड्रेन असेल तर रोज एकाच वेळी किती मिलिलिटर आणि कोणता रंग, हे वहीत लिहा. आकडा हळूहळू उतरला तर उत्तम. तो एकदम शून्यावर आला आणि पोट दुखू लागलं किंवा ताप आला, तर ड्रेनची नळी तुंबून पित्त आत साचत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तापासाठी परस्पर अँटिबायोटिक देऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधाने टॅक्रोलिमसची (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध) रक्तातली पातळी चढते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

प्रश्न : वडिलांची पित्तनलिका थेट आतड्याला जोडली आहे. त्यांना ईआरसीपी का नको म्हणतात?

उत्तर : त्या जोडणीत आतड्याचं लांब वेटोळं मध्ये येतं, नेहमीची दुर्बीण तिथवर पोहोचत नाही. अशा वेळी सोनोग्राफीच्या मदतीने बरगड्यांमधून सुई घालून यकृतातल्या नलिकेत नळी बसवतात. ती नळी ओढली जाणार नाही अशी पोटाला चिकटवून ठेवा, आणि सलाइनने धुवायची ती डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, हलक्या हाताने.