एकादशीचा साबुदाणा आणि दिवाळीचा रेडिओ

या महिन्याच्या टपालातून तीन पत्रे निवडली आहेत. ती वेगवेगळ्या गावांहून आली असली, तरी तिन्हींमध्ये घरची माणसे जमलेली आहेत आणि खाण्याच्या एखाद्या पदार्थाभोवती कोणाचे तरी मन घुटमळते आहे.

प्रश्न : आषाढी एकादशीला आमच्या घरी दीर, जावा, नणंदा आणि मुलेबाळे धरून २२ माणसे जमतात. यंदा साबुदाण्याची खिचडी वाढली जात असतानाच माझ्या पुतण्याने जाहीर केले की, साबुदाणा आपल्याकडचा नाही, तो परदेशी आहे आणि कारखान्यात होतो, त्यामुळे तो खाऊन उपवास घडतच नाही. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि दिवस दुधावर काढला. मुलाचे म्हणणे खरे आहे का? असल्यास पुढच्या एकादशीला मी काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या पुतण्याने सांगितले ते खरे आहे, परंतु ते अर्धेच आहे. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातील पिठापासून करीत आणि आपल्या ‘साबु’चे नाते मलय भाषेतील ‘सागू’ या शब्दाशी आहे. आज आपण खातो तो साबुदाणा मात्र त्या झाडाचाही नाही. तो टॅपिओकाच्या कंदापासून होतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो पोर्तुगीजांच्या मार्फत भारतात आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. पुढे १९४२ मध्ये जपानने मलाया जिंकल्यावर तिकडून येणारा माल थांबला आणि त्याच सुमारास तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. कंद सोलून किसायचा, कीस धुऊन ते दुधासारखे पाणी निवळू द्यायचे, तळाशी बसलेल्या ओल्या पिठाचे हलवून हलवून गोल दाणे वळवायचे, ते तापल्या पत्र्यावर भाजून उन्हात वाळवायचे, अशी ही सारी खटपट असते. म्हणजे ‘कारखान्यात होतो’ हेही खरे, पण कारखाना म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे काही उभे राहते, त्यापेक्षा हे काम पापडकुरड्यांच्या अधिक जवळचे आहे.

आता राहिलेला अर्धा भाग. खिचडीत केवळ साबुदाणाच परका असतो असे नाही. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिथल्याच अँडीज पर्वतातला (त्याचे नावसुद्धा पोर्तुगीज) आणि हिरवी मिरचीही अमेरिकेतूनच आलेली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरे होते, मिरची नव्हती. खिचडीला कंटाळून आपण रताळ्याच्या किसाकडे किंवा राजगिऱ्याच्या लाडवाकडे वळलो, तर तीही अमेरिकेचीच देणगी आहे. काटेकोरपणे निवडायचे ठरवले, तर दूध, तूप, केळी, सुरण, शिंगाडा आणि वरीचे तांदूळ एवढीच मंडळी पंगतीत उरतील. त्यातही वरी हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सरळसरळ धान्य आहे आणि शेंगदाणा हरभरा-तुरीच्या कुळातला आहे, हे मी आपल्या पुतण्याच्या कानावर मुद्दाम घालू इच्छित नाही.

मग हे सारे उपवासाला चालू कसे लागले? आपल्या घरांतला दंडक असा की, एकादशीला गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी वर्ज्य. फळे, कंद आणि दूध चालते. माझा तर्क असा आहे की, समुद्रापलीकडून आलेल्या या नव्या जिनसांची नावे जुन्या वर्ज्य यादीत असण्याचे कारणच नव्हते. बटाटा आणि रताळे कंद म्हणून आत आले, साबुदाणा कंदाचाच म्हणून आला, आणि शेंगदाण्याला कोणी डाळ म्हणत नसल्यामुळे तो त्यांच्या मागोमाग आत शिरला. कोणी शास्त्रार्थ करून ते आणले नाहीत. स्वयंपाकघरातल्या बायकांनी आपल्या अकलेने ठरवले. त्या ठरवण्यात जिभेचा वाटा नव्हता असे मी म्हणणार नाही, कारण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच रूढ झालेली नाही. माझी स्वतःची गोष्ट सांगायची, तर एरवी सकाळी चहावर भागवणाऱ्या मला एकादशीच्याच दिवशी आठ वाजल्यापासून फोडणीतल्या जिऱ्याचा वास हवासा वाटू लागतो.

आपल्या पुतण्याची चूक माहितीत नसून वेळेत होती. पान वाढून झाल्यावर इतिहास सांगू नये. सांगायचाच तर आचवून झाल्यावर, सुपारी कातरताना सांगावा. सासूबाईंना आपण एवढेच सांगावे की, त्यांच्या सासूबाईंनी ज्या श्रद्धेने ही खिचडी केली, त्या श्रद्धेत दाण्याच्या गावाचे नाव कोणी विचारले नव्हते. तरीही त्यांच्या मनात शंका राहिली, तर वरीचे तांदूळ, शिंगाड्याची लापशी आणि सुरणाची भाजी करावी. तिखटपणाला मिरेपूड घालावी. आणि एक काम जरूर करावे. एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजवण्याची जबाबदारी त्या पुतण्यावर सोपवावी. दोनदा धुऊन दाण्याच्या जेमतेम वर येईल एवढेच पाणी ठेवायचे असते, हे त्याने आजीला विचारून शिकावे. पाणी जास्त झाले आणि सकाळी पातेल्यात लगदा दिसला, की परदेशी दाण्याविषयीचे त्याचे मत आपोआप सौम्य होईल.

प्रश्न : दिवाळीत आम्ही सगळी भावंडे आमच्या मूळ घरी जमतो. लहानपणी नरकचतुर्दशीच्या पहाटे वडील रेडिओवरचे कीर्तन लावत आणि त्या आवाजानेच आम्ही उठत असू. त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ अजून माळ्यावर आहे. तो दुरुस्त करून या दिवाळीत लावावा असे मला वाटते, परंतु बहीण हसते आणि म्हणते की मोबाइलवर हवे तेव्हा कीर्तन ऐकता येते, मग हा खटाटोप कशाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली बहीण म्हणते ते बरोबर आहे, आणि नेमकी अडचणही तीच आहे. कीर्तन हवे तेव्हा ऐकता येते, म्हणून ते ऐकायला पहाटे पाचला कोणी उठत नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी; तेव्हापासून कितीतरी वर्षे मराठी घरांचे घड्याळ या केंद्रांच्या वेळेवर चालत असे. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ या रामनवमीपासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत या क्रमाने ऐकवले. गीते ५६ होती, म्हणजे श्रोत्यांना वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. वेळ चुकली की गीत हातचे गेले, ही धास्तीच साऱ्या घराला एका खोलीत आणून बसवत असे.

आमच्या घरी नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान, मग अंगणात पायाखाली कारीट चिरडणे, मग देवापुढे नैवेद्य आणि नरकासुराचा वध झाल्याशिवाय फराळाला हात लावायचा नाही, असा वडिलांचा दंडक होता. नरकासुराला मरायला फार वेळ लागत असे. बुवा पूर्वरंगात रमले की माझा धाकटा भाऊ कासावीस होई, कारण चकलीचा डबा रेडिओच्या बाजूच्याच फडताळात असे. शेवटी त्याने एक युक्ती शोधली. टाळ-मृदंगाचा गजर सुरू होताच तो चकलीचा तुकडा तोंडात टाकी, म्हणजे कुरकुर ऐकू जात नसे. एका वर्षी बुवांनी गजर अचानक थांबवला आणि त्या शांततेत भावाचा घास साऱ्या घराने ऐकला. मोबाइलवर मागेपुढे करता येणाऱ्या कीर्तनात असा प्रसंग घडणे कठीण आहे.

तेव्हा रेडिओ अवश्य काढावा, मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. इतकी वर्षे बंद असलेला संच थेट विजेला जोडू नये. आतील कपॅसिटर जुने होऊन निकामी झालेले असण्याचा संभव असतो, म्हणून जाणकार कारागिराकडून तो आधी तपासून घ्यावा. दुसरे असे की, या जुन्या संचांवर एफएम लागत नाही, बहुतेक मध्यम लहरीच लागतात. आपल्या गावी मध्यम लहरींवर केंद्र नीट ऐकू येते का, हे दुरुस्तीवर पैसे घालण्यापूर्वी एखाद्या साध्या ट्रान्झिस्टरवर पाहून घ्यावे. येत नसेल, तर ट्रान्झिस्टरच त्या जुन्या पेटीच्या मागे ठेवावा. वडिलांची याला हरकत नसती, असे मला वाटते.

प्रश्न : मला मधुमेह आहे. घरच्या प्रत्येक समारंभात माझी मोठी जाऊ ‘एका वाटीने काय होते’ म्हणत बासुंदी वाढतेच, आणि खरे सांगायचे तर मलाही ती हवी असते. काय करावे? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : किती चालते आणि चालते की नाही, हे आपल्या डॉक्टरांनीच सांगायचे. माझा सल्ला फक्त आग्रहापुरता आहे. आपल्या पंगतीत ‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘थोडे आणखी’ असाच घेतला जातो, त्यामुळे तो शब्द वापरण्यात हशील नाही. जाऊबाईंना आदल्या दिवशी एकांतात सांगून ठेवावे, आणि समारंभाच्या दिवशी पदर खोचून वाढायला उभे राहावे. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करीत नाही. अर्थात मग शेवटच्या पंगतीला बसावे लागते. आणि आमच्याकडचा अनुभव असा आहे की, तोपर्यंत बासुंदीचे पातेले घासायला गेलेले असते.