अमेरिकी सरकारने पासपोर्ट जप्त केला असताना अमेरिकन इतिहासकार नॅटली झीमन डेव्हिस यांनी फ्रान्सच्या इतिहासावर पीएचडी कशी पूर्ण केली?

अमेरिकेतल्याच ग्रंथालयांमधली, सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये छापलेली दुर्मीळ पुस्तकं वाचून. त्यांचा विषय होता लियॉन शहरातले छापखान्याचे कामगार आणि प्रोटेस्टंट पंथ, त्यामुळे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्याच हातची छपाई न्यूयॉर्कमध्ये बसून चाळता येत होती! फ्रान्समधल्या दफ्तरखान्याचा (जिथे जुनी कागदपत्रं जपून ठेवतात) रस्ता बंद झाल्यावर पुस्तक ही वस्तूच पुरावा म्हणून कशी वाचायची, हे त्या शिकल्या आणि पुढे तीच त्यांच्या कामाची ओळख ठरली. १९९७ च्या ‘अ लाइफ ऑफ लर्निंग’ या व्याख्यानात त्यांनी ही हकिगत स्वतः सांगितली आहे.

पण दफ्तरांशिवायच सगळं जमलं असं मात्र समजू नका. पासपोर्ट जाण्याआधी, १९५२ मध्ये, त्या काही महिने लियॉनच्या दफ्तरखान्यात बसून भरपूर टिपणं घेऊन आल्या होत्या. ती शिदोरी नसती तर हा प्रबंध कठीणच होता.

क्रम साधारण असा:
- १९५२: लियॉनहून परतल्यावर पासपोर्ट जप्त. निमित्त, अमेरिकी संसदेच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ चौकशी समितीवर टीका करणारी एक पुस्तिका
- १९५९: मिशिगन विद्यापीठाची पीएचडी
- १९६०: पासपोर्ट परत. त्याच वर्षी त्यांचे गणितज्ञ पती चँडलर डेव्हिस याच समितीला उत्तरं नाकारल्याबद्दल तुरुंगात
- पुढे टोरांटो, बर्कली आणि १९७८ पासून प्रिन्स्टन